प्रीकॅल्क्युलस: फंक्शनची गणितं सुटतात, पण समजत नाहीत

प्रश्न – सांगलीकर

नमस्कार. मी सांगलीची, बी.कॉम. झालेली. सध्या न्यू जर्सीत कम्युनिटी कॉलेजला जाते. कॉम्प्युटर सायन्स घ्यायचं तर कॅल्क्युलस (कलन) हवं आणि त्याआधी त्याच्या तयारीचा कोर्स, प्रीकॅल्क्युलस. पहिली मिडटर्म (सत्राच्या मधली परीक्षा) जवळ आली आहे आणि जवळजवळ सगळी फंक्शनवरच आहे, म्हणजे एक्स घातला की उत्तर देणाऱ्या नियमावर.

एफ(एक्स) = एक्स² − ३एक्स देऊन [एफ(एक्स + एच) − एफ(एक्स)] ÷ एच काढायला सांगितलं, की मी २एक्स + एच − ३ पर्यंत पोचते. पुस्तकामागचं उत्तर जुळतं. पण हे कशासाठी काढलं, ते विचारलं तर मला सांगता येणार नाही. आलेखांचंही तेच. एफ(एक्स − ३) मध्ये वजा असून आलेख उजवीकडे सरकतो. वर्गात सांगितलं, "कंसातलं उलटं चालतं, लक्षात ठेवा." ठेवलंय, पण का? आणि ते पीसवाइज फंक्शन, दोन-तीन सूत्रं एकाखाली एक लिहिलेली, त्याला एकच फंक्शन कसं म्हणायचं?

कुणी नीट समजावून सांगेल का?

उत्तर – ट्यूटर_काका

ताई, मी इथल्याच एका कॉलेजच्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये संध्याकाळी बसतो. हे तिन्ही प्रश्न माझ्या टेबलावर दर सेमिस्टरला येतात.

आधी कंस. एफ(एक्स) असं लिहायची पद्धत गणितज्ञ ऑयलरने १७३४ मध्ये वापरली. अडचण एवढीच की गुणाकारालाही आपण तोच कंस वापरतो. त्यामुळे काही दिवस एक्स लिहूच नका, तिथे रिकामी चौकट काढा: एफ(▢) = ▢² − ३▢. चौकटीत ५ आले तर दोन्हीकडे ५. एक्स + एच आलं तर दोन्हीकडे आख्खं एक्स + एच, कंसासकट.

आता आलेख का सरकतो. समजा एफ(▢) = ▢². याचा तळ कुठे? चौकटीत ० असेल तिथे. मग चौकटीत एक्स − ३ बसवलं, तर ती शून्य केव्हा होते? एक्स ३ असेल तेव्हा. म्हणजे तळ ३ वर गेला, उजवीकडे. उलटं काहीच चाललेलं नाही. चौकटीला तीच किंमत मिळावी म्हणून एक्सला ३ जास्त घ्यावे लागतात, एवढंच. एफ(२एक्स) ला हाच प्रश्न विचारा: जे आधी एक्स = ४ वर घडत होतं ते आता कुठे घडेल? २ वर. म्हणून आलेख आडवा आकसतो. "उलटं चालतं" हे वाक्य वहीतून खोडून टाका, मला ते मनापासून आवडत नाही. विद्यार्थ्याचा विचार तिथेच थांबतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तो भागाकार. तुमच्याच फंक्शनवर दोन बिंदू घ्या. एक्स = १ ला किंमत −२, एक्स = ३ ला ०. दोन्हींना जोडणाऱ्या रेषेचा चढ काढा: २ ÷ २ = १. आता तुमच्या उत्तरात एक्स = १, एच = २ घाला: २ + २ − ३ = १. तेच! तुम्ही काढलेलं सूत्र कुठल्याही दोन बिंदूंमधला चढ एका फटक्यात देतं. एच लहान करत चला. एच = ०.१ ला −०.९, एच = ०.०१ ला −०.९९. आकडा −१ कडे चाललाय. वक्ररेषेचा एका बिंदूपाशी चढ म्हणजे हा −१. कॅल्क्युलसचं पहिलं प्रकरण इथूनच सुरू होतं, म्हणून आत्तापासून हात बसवून घेतात.

उत्तर – कॉमर्सवाली

पीसवाइजचं मी सांगते, कारण तुम्हीही बी.कॉम. आहात. अमेरिकेतला फेडरल इन्कम टॅक्स घ्या. २०२४ साली एकट्या व्यक्तीला करपात्र उत्पन्नाच्या पहिल्या ११,६०० डॉलरवर १० टक्के, त्यापुढे ४७,१५० पर्यंतच्या भागावर १२ टक्के.

११,६०० पर्यंत: टी(एक्स) = ०.१०एक्स
त्यापुढे ४७,१५० पर्यंत: टी(एक्स) = १,१६० + ०.१२(एक्स − ११,६००)

सूत्रं दोन, पण एका उत्पन्नाला कर एकच. २०,००० वाल्याचा कर १,१६० + १,००८ = २,१६८. फंक्शन व्हायला एवढंच लागतं: एका इनपुटला एकच आउटपुट. आणि ११,६०० दोन्ही सूत्रांत घालून पाहा, दोन्हीकडे १,१६० च येतात, म्हणजे आलेख तिथे तुटत नाही. वरच्या स्लॅबमध्ये गेलं की सगळ्याच पगारावर जास्त कर लागतो असं समजणाऱ्यांना हा आलेख काढून दाखवायला हवा.

सांगलीकर

दोघांचे खूप आभार. चौकटीने कालची पाच गणितं मी पुन्हा केली, या वेळी काय करतेय ते कळत होतं. एक शेवटचं: इन्व्हर्स (उलट फंक्शन). एफ वर −१ लिहितात, मग ते १ ÷ एफ का नाही?

ट्यूटर_काका

कारण इथे तो −१ घातांक नाही, उलट्या वाटेची खूण आहे. सेल्सियसचं फॅरनहाइट करताना आपण १.८ ने गुणतो, मग ३२ मिळवतो. ३८ अंश म्हणजे १००.४. परत यायचं तर जे शेवटी केलं ते आधी मोडा: १००.४ − ३२ = ६८.४, भागिले १.८, आले ३८. हे झालं इन्व्हर्स. १ ÷ १००.४ केलंत तर ०.०१ च्या आसपास काहीतरी येईल, त्याचा तापाशी संबंध नाही.

मात्र प्रत्येक फंक्शनला परतीची वाट नसते. एक्स² मध्ये ३ घाला किंवा −३, उत्तर ९ च. मग ९ ला परत कुठे पाठवणार? म्हणून पुस्तकात आधी एक्स ≥ ० अशी अट घालतात आणि मगच वर्गमूळाला त्याचं इन्व्हर्स म्हणतात. मिडटर्ममध्ये ही अट लिहायला विसरू नका, तिचे मार्क वेगळे असतात.