मार्क ४ की मार्क ६?
आयर्न मॅनच्या मार्क ४ आणि मार्क ६ या सूटच्या, शेल्फवर मांडायच्या पुतळ्यांमध्ये मार्क ६ च्या छातीवरचा त्रिकोणी दिवा सोडला तर दिसायला फारसा फरक नाही, मग दोन्ही कशाला घ्यायचे, हा प्रश्न रास्त आहे. एकच घ्यायचा तर माझं मत मार्क ६ ला. २०१० च्या चित्रपटातला हा सूट २००८ च्या मार्क ३ शेजारी उभा करा. मार्क ३ जाडजूड, गोल दिव्याचा. मार्क ६ सडपातळ, आणि त्रिकोणामुळे नजर थेट छातीवर जाते. सोनेरी रंग आवडत असेल तर मात्र मार्क ४२ च बघा. तिथे लाल-सोनेरीचं गणितच उलटं आहे, हातपाय जवळजवळ सगळे सोनेरी. शेल्फवर पिवळा दिवा लावला की तो काय झळाळतो!