नवरा अमेरिकन नागरिक, आम्ही दोघंही नागपुरात: स्पाउस व्हिसासाठी त्याला आधी एकट्याने जावंच लागतं का?

नमस्कार मंडळी,

ज्यांनी भारतात एकत्र राहूनच अमेरिकेचा स्पाउस व्हिसा काढलाय, त्यांची मदत हवी आहे.

माझा नवरा मूळचा नागपूरचाच. २००५ मध्ये एमएससाठी तिकडे गेला, नोकरी लागली, ग्रीन कार्ड झालं, पुढे नागरिकत्वही मिळालं. सासऱ्यांचं आजारपण निघालं म्हणून २०१८ मध्ये ओसीआयवर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर) परत आला. २०१९ मध्ये आमचं लग्न झालं. तेव्हापासून प्रताप नगरला सासूबाईंसोबत राहतो. मुलगा २०२१ चा, इथेच जन्मलेला. नवरा मिहानमधल्या एका कंपनीत आहे, पगार रुपयांत. तिकडचे टॅक्स रिटर्न मात्र दरवर्षी भरतो.

सासरे आता नाहीत. सासूबाई पुण्याला धाकट्या दिरांकडे राहायला जाणार आहेत, आणि नवऱ्याच्या विषयातलं काम तिकडेच आहे. तेव्हा जायचं हे पक्कं झालंय.

इथल्या एका कन्सल्टंटकडे गेलो होतो. त्यांचं म्हणणं, नवऱ्याने आधी जायचं, नोकरी धरून वर्षभर तिथे राहायचं, मगच माझा अर्ज. मुलाचा अर्ज वेगळा, फी वेगळी. ऐकूनच पोटात गोळा आला. आमचा मुलगा संध्याकाळी गॅलरीचे गज धरून उभा असतो, बाबाच्या गाडीचा आवाज कोपऱ्यावरूनच ओळखतो. त्याला वर्षभर फोनच्या स्क्रीनवर बाबा दाखवायचा हे माझ्याने होणार नाही. व्हायला लागतच असेल तर करू, पण खरंच लागतं का?

नणंद न्यू जर्सीत असते, ती स्पॉन्सर व्हायला तयार आहे. तिचे कागद जोडले तर नवऱ्याचं जाणं टळेल का? आणि माझा जन्मदाखला काढला तर त्यात नावाच्या रकान्यात काहीच नाही, लिंगाच्या ठिकाणी फक्त 'स्त्री' आणि खाली वडिलांचं नाव. त्याचं काय करायचं?

खामला_चौक

ताई, मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये थेट आय-१३० (नागरिकाने जोडीदारासाठी भरायचा पहिला अर्ज) भरता येतो ना? आमच्या नात्यातल्या एकांचं तसंच झालं होतं, फार लवकर हातात व्हिसा आला.

ऑस्टिनमधला_नागपूरकर

दादा, ती सोय आता सर्रास मिळत नाही. कॉन्सुलेट आय-१३० स्वतः घेते ती फक्त अपवादात्मक परिस्थितीत, म्हणजे वैद्यकीय आणीबाणी किंवा कंपनीने अगदी ऐनवेळी अमेरिकेत बदली केली असं काही असेल तर. बाकी सगळ्यांनी यूएससीआयएसकडेच, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडेच भरायचा.

ताई, तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर: नाही, वर्षभर आधी जायची अट नाही. आम्हीही दोघं नागपुरातच होतो आणि एकाच विमानाने आलो. आय-१३० नागपुरात बसून ऑनलाइन भरता येतो. ऑनलाइनची फी ६२५ डॉलर, कागदावर भरला तर ६७५. अर्ज नवऱ्याच्या नावाने, सोबत तुमच्या माहितीचा आय-१३०ए. मंजूर व्हायलाच साधारण वर्ष उलटतं, म्हणून तो आधी भरून टाका. भारतात एकत्र राहण्यात ते वर्ष जाऊ द्या.

अडचण येते ती पुढे, एनव्हीसीच्या (मंजुरीनंतर व्हिसाचे कागद तपासणारं नॅशनल व्हिसा सेंटर) टप्प्यावर, आय-८६४ म्हणजे स्पॉन्सरने आर्थिक हमी द्यायचा फॉर्म भरताना. त्यात 'डोमिसाइल' विचारतात, म्हणजे स्पॉन्सरचं बिऱ्हाड अमेरिकेत आहे का. कन्सल्टंटनी बहुधा यातूनच वर्षभराचं गणित काढलंय. पण नियम असा आहे की नागरिक जोडीदाराने परत तिथे स्थायिक व्हायची ठोस पावलं उचललेली दाखवावीत, आणि तुमच्या प्रवेशाच्या दिवसापर्यंत तोही तिथे पोचलेला असावा. तुमच्या सोबत उतरला तरी चालतं. तुम्ही आधी आणि तो मागाहून, हे मात्र चालत नाही.

ठोस पावलं म्हणजे आम्ही काय दिलं ते सांगतो. तिथलं बँक खातं चालू असल्याचे स्टेटमेंट, मुलाखतीसाठी कंपन्यांशी झालेले ईमेल, भावाचं पत्र की सुरुवातीला हे लोक माझ्या घरी राहतील, सामान पाठवायचं कोटेशन, मुलीच्या शाळाप्रवेशाची चौकशी. बायकोने नोकरी सोडायची नोटीस दिली त्याची प्रतही. एक कागद पुरत नाही, चारपाच मिळून चित्र उभं राहायला हवं. नवऱ्याचं जुनं खातं, लायसन्स, मतदार नोंदणी काय काय जिवंत आहे ते आजच बघायला सांगा.

आणि नणंदबाईंबद्दल नीट लक्षात घ्या. जॉइंट स्पॉन्सर उत्पन्नाची कमतरता भरून काढतो, डोमिसाइलची नाही. नवऱ्याचं डोमिसाइल मान्य झालं नाही तर नणंदेचे कागद कितीही भक्कम असले तरी उपयोग होत नाही.

प्रताप नगरची (धागाकर्ती)

दादा, किती आभार मानू! एकाच विमानाने, हे वाचून मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. आता उत्पन्नाचं विचारते. नवऱ्याचा इथला पगार चांगला आहे, रिटर्नमध्येही दाखवलाय. तो धरत नाहीत का?

हिशेबी_धंतोली

इथली नोकरी सोडून जाणार म्हणजे ते उत्पन्न तिथे गेल्यावर चालू राहणार नाही, म्हणून धरत नाहीत. तीच कंपनी तिथूनही पगार देणार असेल आणि तसं पत्र देत असेल तर गोष्ट वेगळी.

उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के लागतं. २०२५ च्या तक्त्यात तिघांच्या घराला ३३,३१२ डॉलर. तक्ता दरवर्षी बदलतो, भरताना त्या वर्षीचा घ्या. उत्पन्न शून्य धरलं तर मालमत्ता दाखवता येते. नागरिकाच्या जोडीदारासाठी कमतरतेच्या तिप्पट लागते, म्हणजे जवळपास एक लाख डॉलर. यात तुमच्या नावावरच्या एफडी, शेअर, फ्लॅट हेही धरता येतं. अट एवढीच की वर्षभरात त्याचे पैसे करता आले पाहिजेत आणि बाहेर नेता आले पाहिजेत. फ्लॅटवर कर्ज असेल तर तेवढं वजा. माझं मत विचाराल तर फ्लॅटच्या मूल्यांकनाच्या मागे लागू नका, नणंद तयार आहे तर तिचंच आय-८६४ जोडा. कागद कमी आणि शंका कमी.

माहेर_वर्धा

मुलाबद्दल कोणी बोललंच नाही! ताई, त्याला व्हिसा लागणारच नाही बहुतेक. वडील त्याच्या जन्माआधी अमेरिकेत एकूण ५ वर्षं प्रत्यक्ष राहिलेले असतील, त्यातली २ वयाच्या १४ नंतरची, तर मुलगा जन्मतःच अमेरिकन नागरिक आहे. मुंबई कॉन्सुलेटमध्ये सीआरबीए (परदेशात जन्मलेल्या अमेरिकन मुलाची जन्मनोंद) करून घ्यायचं, फी १०० डॉलर, सोबतच पासपोर्टचा अर्ज. मुलाला घेऊनच जावं लागतं. वेगळा आय-१३० भरायचे पैसे कोणाला देऊ नका.

एक मात्र बघा, त्याचा भारतीय पासपोर्ट काढलेला आहे का? दोन्ही पासपोर्ट एकत्र ठेवता येत नाहीत, आणि अमेरिकन पासपोर्टवर निघताना एफआरआरओकडून (परदेशी नागरिकांची नोंदणी करणारं सरकारी कार्यालय) एक्झिट परमिट, म्हणजे देश सोडायची परवानगी लागते. त्याला वेळ ठेवा. आमची त्यात धावपळ होऊन राहिली होती, तिकिटं हातात आणि परमिट यायचं.

प्रताप नगरची

बाप रे, हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. भारतीय पासपोर्ट अजून काढला नाही. एमएसची वर्षं, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरची, ती धरतात का?

माहेर_वर्धा

धरतात. कायदेशीर मुक्काम कोणत्या व्हिसावर होता ते बघत नाहीत, दिवस बघतात. सुटीला नागपूरला आलेले दिवस वजा. विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट, डब्ल्यू-२ (तिथल्या कंपनीचा पगार-टॅक्सचा वार्षिक दाखला) आणि जुन्या पासपोर्टांवरचे शिक्के काढून ठेवा.

ऑस्टिनमधला_नागपूरकर

जन्मदाखल्याचं राहिलं होतं. आधी महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात नाव घालून मिळतं का ते विचारा, तोच सगळ्यात स्वच्छ मार्ग. नाहीच झालं तर हाच दाखला, सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र. जे मराठीत असेल त्याचं इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं सहीचं निवेदन. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला त्या दोन नावांना जोडतो, म्हणून झोन ऑफिसातून त्याच्या जास्तीच्या प्रती घेऊन ठेवा.

लग्न खरं आहे हे दाखवायला तुम्हाला जड जाणार नाही. एका छताखाली राहणं हाच मोठा पुरावा. रेशनकार्डावरचं तुमचं नाव, जॉइंट खातं, विम्यातलं नॉमिनेशन, मुलाच्या शाळेचा फॉर्म. लग्नाला २ वर्षं होऊन गेलीत, त्यामुळे तुम्हाला अटींशिवायचं १० वर्षांचं ग्रीन कार्ड मिळेल, नंतर अटी काढून घ्यायला आय-७५१ भरायची भानगड नाही.

प्रताप नगरची

नवरा ऑफिसातून आला की आज रात्रीच आय-१३० भरायला बसतो. फक्त एक, पीसीसीसाठी (पोलिसांचा चारित्र्याचा दाखला) पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट आत्ताच घेऊ का?

ऑस्टिनमधला_नागपूरकर

आत्ता नको. आय-१३० मंजूर होऊन एनव्हीसीचा ईमेल आला की घ्या. मेडिकलही मुलाखतीची तारीख पडल्यावरच, मुंबईतल्या ठरलेल्या डॉक्टरांकडे. तोवर सीआरबीएच्या मागे लागा.