घोडी मागचे पाय उचलू देत नाही: आधी नर दाखवून भरवावी की आधी खुरं बघावीत?

इंदापूरकर
मारवाडी घोडी, कुमैत, वय 5, उंची 59 इंच. पुढचे पाय निमूट देते, मागच्या पायाला हात लावला की दुगाण्या झाडते. नालबंद काम अर्धवट टाकून गेला. पावसाळ्यापासून मागच्या खुरांत काळी चिकट घाण आणि कुबट वास आहे, जळकं ऑइल लावतोय पण फरक नाही. पुढच्या खुरांना उभ्या भेगा आहेत. दिवसाला 5 किलो चंदी (दाणा) दोन वेळांत. निम्मा गव्हाचा कोंडा, निम्मा हरभरा. वैरण कडबा. घरचे म्हणतात, शिंगरू झालं की घोडी नरमते, फेब्रुवारीत भरवून टाक. नर बघून ठेवलाय. देखणा आहे, कानांची टोकं जुळतात, भोवरे चांगले, फक्त चावरा आहे. काय करावं?

टापटीप
पुढचे पाय देते, मागचेच देत नाही, आणि घाणही मागच्याच खुरांत. मग याला खोड कशाला म्हणायचं? दुखत असणार. तळव्याच्या मधोमध रबरासारखा त्रिकोणी भाग असतो ती पुतळी. तिच्या मधली चीर अंगठ्याने दाबून बघा. निरोगी पायात ती उथळ असते. चीर खोल लागली आणि दाबताच घोडीने पाय हिसकावला, तर सड आतपर्यंत गेलीय. जळकं ऑइल आजच बंद करा. हे जंतू हवा न लागणाऱ्या ओल्या जागी फोफावतात. वरून तेलाचा थर दिला की घाण आत कोंडते.

खूर कोरताना कोरणी टाचेकडून पुढे ओढायची, उलट नाही, नाहीतर टोक चिरेत रुततं. पुतळीचे सुटलेले, लोंबणारे तुकडे तेवढे नालबंदाकडून काढून घ्या. ब्रशने धुवा आणि फडक्याने खडखडीत कोरडं करा. हीच पायरी लोक गाळतात. 100 मिली पाण्यात 5 ग्रॅम मोरचूद विरघळवून त्यात कापसाची वात भिजवा, पिळून चिरेत बसवा आणि रोज बदला. जिथे लाल मांस दिसतंय तिथे मोरचूद नको, पोव्हिडोन आयोडीन लावा. फॉर्मेलिन किंवा ॲसिड ओता म्हणणारे भेटतील. त्याने चांगला भागही जळतो आणि पाय न देण्याला घोडीला आणखी एक कारण मिळतं. पाय लंगडत असेल किंवा टाचेच्या वर सूज असेल तर घरगुती काही न करता डॉक्टरांना बोलवा. धनुर्वाताची लस झाली नसेल तर तीही.

मुताने भिजलेल्या काळ्या मातीवर घोडी उभी राहिली तर हे सगळं वाया जाईल. मुरूम दाबून घ्या, उतार द्या, वर भाताचं तूस टाका आणि ओलं तूस रोज काढा.

कोंड्याचं म्हणाल तर अडीच किलो फार होतो. त्यात कॅल्शियमच्या कितीतरी पट फॉस्फरस असतो, मग शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढतं. कोंडा अर्ध्या किलोच्या आत आणा, हिरवा लसूणघास सुरू करा, मीठ 30 ग्रॅम. एका वेळी दीड किलोच्या वर चंदी नको. जादा दाण्याने पोटशूळ होतो, खुराच्या आतला भागही सुजतो, आणि ते दुखणं भेगांपेक्षा कितीतरी वाईट. बदल आठवडा-दहा दिवसांत हळूहळू करा.

सहा खिळे
भेगा कुठून सुरू होतात ते बघा. जमिनीकडून वर जाणाऱ्या भेगा बहुतेक वेळा खूर वाढू दिल्याने पडतात. पुढचं टोक लांबलं की प्रत्येक पावलाला खुराची भिंत बाहेर फाकते आणि चिरते. केसांच्या कडेपासून खाली येणारी भेग असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. खूर महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतं, म्हणून 6 ते 8 आठवड्यांनी कापणं हवंच, नाल असो वा नसो.

नाल खुराच्या मापाचा करायचा, खूर घासून नालाच्या मापाचं नाही. प्रत्येक बाजूला तीन खिळे पुरतात. खुराच्या सगळ्यात रुंद भागाच्या मागे खिळा नको, टाचेला फाकायला जागा राहिली पाहिजे. नाल मारल्यावर एक-दोन दिवसांत घोडी लंगडली आणि खूर गरम लागलं, तर खिळा जिवंत भागाला लागलाय असं समजून काढायला लावा.

पाय द्यायला शिकवताना खांबाला बांधू नका, डोकं माणसाच्या हातात असू द्या. तुम्ही खांद्याला खेटून उभे राहा, पुठ्ठ्यावरून हात खाली न्या. पाय दोन सेकंद उचलायचा आणि *तिने ओढायच्या आत* आपणच खाली ठेवायचा. ओढल्यावर सोडलात तर ओढलं की सुटतं एवढंच ती शिकते. हे रोज दोनदा, सड बरी झाल्यावर. ओठाला पीळ देऊन नाल एकदा मारून होईल, पुढच्या वेळी ती नालबंदाला लांबूनच ओळखेल.

काळाघोडा
भेगांचं खूर पांढरं आहे का? पांढरं खूर कच्चंच असतं.

सहा खिळे
रंगाने मजबुती ठरत नाही. त्याच घोडीचं काळं आणि पांढरं खूर सारखं कापून, सारखं कोरडं ठेवून बघा.

पागा
शिंगरू झाल्यावर घोडी नरमते हा समज सोडा. उलट शिंगरू अंगाखाली असताना शांत घोडीही माणसाला जवळ येऊ देत नाही. पाय न देणारी घोडी गाभणपणाचे 11 महिने आणि नंतर शिंगरू आईच्या दुधापासून तोडेपर्यंतचे 5-6 महिने खूर न कापता कशी सांभाळणार? आणि एवढा काळ आईजवळ राहून शिंगरू तिच्याकडूनच माणसाला घाबरायला शिकतं.

नराचं चावरेपण दोन कारणांनी असतं. दिवसभर एकटा बांधून ठेवलेला, हातातून गूळ खायची सवय लागलेला घोडा चावतोच. ते शिंगरात उतरत नाही. पण स्वभावच तसा असेल तर उतरू शकतं. फरक ओळखायला त्याची वेगवेगळ्या घोड्यांपासून, म्हणजे वेगवेगळ्या माद्यांपासून झालेली चार-पाच शिंगरं बघा, शक्यतो दोन वर्षांच्या पुढची. कान आणि भोवरे नंतर. आधी पाय बघा: समोरून सरळ, चारही खुरं एका मापाची. घोडीच्या आणि नराच्या वंशावळीत तोच आजा येत नाही ना, हे विचारा. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झाल्याचा कागद दाखवल्याशिवाय घोडी नेऊ नका.

घाईही नको. माज साधारण 21 दिवसांनी येतो आणि 5 ते 7 दिवस राहतो. हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, संपत नाही. माजाच्या तारखा आत्तापासून लिहून ठेवा. काही घोड्या माजावर असताना मागे हातच लावू देत नाहीत. दुगाण्या त्याच दिवसांत वाढतात का, तेही त्यावरून कळेल. एप्रिलपर्यंत पाय नीट दिले तर भरवा, आणि 14 ते 16 दिवसांनी सोनोग्राफी कराच. जुळं असेल तर तेव्हाच एक काढता येतं. पुढे गेलं की बहुतेक वेळा दोन्ही जातात.

इंदापूरकर
चीर दाबून बघितली. डाव्या पायात बोटाचं पहिलं पेर आत गेलं, घोडी थरथरली. उजवा बरा आहे. मोरचूद आणलंय, नराच्या मालकाला थांबायला सांगितलंय.

टापटीप
डाव्यात मांस दिसतंय का ते आधी बघा. दिसत असेल तर मोरचूद फक्त उजव्याला.