वाट पाहायला लावणारे गेम: तुमचा अनुभव सांगा

'मुक्ती'चा ट्रेलर आला आणि आमच्या नागपूरच्या ग्रुपमध्ये सरळ दोन पार्ट्या पडल्या. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सोनी भारतीय स्टुडिओंना मदत करते त्या 'इंडिया हीरो प्रोजेक्ट'मधला हा गेम, अंडरडॉग्ज नावाचा आपल्याकडचाच स्टुडिओ करतो आहे. एका भारतीय संग्रहालयात आपण फिरायचं, वस्तू निरखायच्या आणि त्यातून मानवी तस्करीची गोष्ट उलगडत जाते. एक पार्टी म्हणते, पहिल्या दिवशी घेणार. दुसरी म्हणते, ट्रेलर सगळ्यांचेच चांगले असतात, जरा दम धर बे.

माझं अजून तळ्यात-मळ्यात आहे. गोळीबाराच्या गेमचं बरं असतं, दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहिला की अंदाज येतो. कथेच्या, भटकंतीच्या गेमची मजाच मुळी पुढे काय आहे ते माहीत नसण्यात. जितकं आधी दाखवाल तितकं खेळायला कमी उरतं, आणि काहीच दाखवलं नाही तर खिशातले पैसे कशाच्या भरवशावर काढायचे?

तर सांगा. कशाची वाट पाहिली, हातात काय आलं, आता ठरवता कसं. अट एकच, कुणी गोष्ट फोडायची नाही. फोडली तर शंकरनगरला तर्री पोहे त्याच्याकडून.

हिंगणा रोड, सॉफ्टवेअर टेस्टिंग

माझं पोट टेस्टिंगवर चालतं, त्यामुळे ट्रेलर पाहताना नजर नको तिथे जाते. क्लायंटला डेमो दाखवायचा असला की आमच्याकडे ज्या बटणावर माउस जाणार तेवढंच बटण धड चालत असतं. बाजूचं दाबलं की बोंब. गेमवाले त्याला व्हर्टिकल स्लाइस म्हणतात. अख्ख्या गेमपैकी दहा-पंधरा मिनिटांचा एक तुकडा पार चकाचक करायचा. बाकीच्या ठिकाणी तेव्हा राखाडी ठोकळे उभे असू शकतात. यात फसवणूक असतेच असं नाही. पण तुकडा पाहून अख्ख्याचा हिशेब आपण करतो, आणि ते त्यांना पक्कं माहीत असतं.

'नो मॅन्स स्काय' आठवा. डिसेंबर २०१३ मध्ये पहिल्यांदा दाखवला. हॅलो गेम्स म्हणजे इंग्लंडातल्या गिल्डफर्डची मूठभर माणसं, आणि ग्रह किती, तर १८ वर अठरा शून्यं. ऑगस्ट २०१६ मध्ये गेम आला. आल्या आल्याच दोन खेळाडू ठरवून एका ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले आणि एकमेकांना दिसलेच नाहीत. लोकांनी डोक्यावर घेतलेला गेम लोकांनीच आपटला. पण पुढचंही सांगायला पाहिजे. त्यांनी काम सोडलं नाही. २०१८ च्या 'नेक्स्ट' अपडेटमध्ये एकत्र भटकायची सोय आली, फुकटात, आणि त्यानंतरही अपडेट येतच गेले.

यातून मी एक धडा घेतला आहे. ते ग्रह संगणक गणिती सूत्रातून तयार करतो. सूत्राला दहा ग्रह काय आणि दहा अब्ज काय, सारखेच. गोष्ट मात्र सूत्रातून निघत नाही. प्रत्येक खोलीत, प्रत्येक टेबलावर काय ठेवायचं हे कुणीतरी बसून ठरवावं लागतं. म्हणून कथेचा गेम नकाशाच्या आकाराचे आकडे सांगायला लागला की मी सावध होतो. उलट चालताना कॅमेरा जरा अडखळला, खेळणारा दाराला धडकून मागे आला, तर मला बरं वाटतं. म्हणजे कुणीतरी खरंच खेळून राहिलं आहे.

त्याच हॅलो गेम्सने डिसेंबर २०२३ मध्ये 'लाइट नो फायर' जाहीर केला. पृथ्वीएवढा एक ग्रह म्हणे. मी लगेच विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या यादीत, टाकला. आता बोला.

मानेवाडा, मूळ देवलापारकडचा

बाबा पेंचच्या बाजूला वनरक्षक होते. चुलतभाऊ म्हणाला, एक गेम आहे, जंगलात टॉवरवर बसून आग लागली का ते पाहायचं. मी म्हटलं, हे काय खेळणं झालं? आमच्या घरी तर ती ड्युटी होती.

आमच्याकडे फेब्रुवारीपासून आगीचा हंगाम. आग अडवायला जाळरेषा आधीच जाळून ठेवा लागतात. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून कोणीतरी झाडाखालचा पाला पेटवते, वारा सुटला की मग आवरत नाही. गेम अमेरिकेतला, बनवणारे एसीत बसलेले, त्यांना काय कळते असं मनात धरूनच 'फायरवॉच' सुरू केला. २०१६ चा गेम आहे. गोष्ट १९८९ ची, वायोमिंगच्या जंगलातली. हेन्री नावाचा माणूस टॉवरवर एकटा, आणि वॉकीटॉकीवर डेलायला, त्याची वरिष्ठ. ती अख्ख्या गेममध्ये फक्त आवाज आहे.

बाबा मागे येऊन उभे राहिले. थोडा वेळ पाहिलं आणि विचारतात, "ह्याची बीट केवढी आहे?" बीट म्हणजे राखायचा जंगलपट्टा. मग, "एकटाच? मजूर कुठी गेले?" हेन्री आणि डेलायलाच्या गप्पा सुरू झाल्या तर म्हणाले, "वायरलेसवर आम्ही एवढं बोललो असतो तर साहेबानं मेमोच काढला असता." पण खुर्ची ओढून बसले ते उठले नाहीत. मी वाट चुकलो की नकाशा काढायला लावायचे. गेममध्ये नकाशा आणि होकायंत्र हातात धरून पाहा लागते, कोपऱ्यात बाण वगैरे भानगड नाही, ते त्यांना फार पटलं.

शेवटावरून लोकांनी बरीच बोंबाबोंब केली. मले पटला.

मग कॅम्पो सँटोने, म्हणजे 'फायरवॉच'वाल्यांनी, डिसेंबर २०१७ मध्ये 'इन द व्हॅली ऑफ गॉड्स'चा ट्रेलर दाखवला. १९२० च्या दशकातलं इजिप्त, दोन बाया, सोबत फिल्मचा कॅमेरा. एप्रिल २०१८ मध्ये व्हॉल्व्ह या बड्या गेम कंपनीने स्टुडिओच विकत घेतला, माणसं दुसऱ्या कामाला लागली आणि गेम बाजूला पडला. ट्रेलर अजूनही आहे. महिन्या-दोन महिन्यांनी पाहतो मी. त्यातली वाळू काय मस्त आहे राजा.

सक्करदरा, तिसऱ्या वर्षाला आहे

स्टीमचा, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानाचा, नियम पाठ करून ठेवा. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, आणि खेळून दोन तास झाले नसतील, तर पैसे परत. मोठ्या गेमला ठीक आहे. कथेचे कितीतरी गेम दोन-तीन तासांतच संपतात, आणि छोट्या स्टुडिओचा गेम अर्ध्याहून जास्त खेळून परत करायला मला तरी कसंतरीच होतं.

प्री-ऑर्डर, म्हणजे गेम यायच्या आधीच पैसे भरणं, कधीच नाही. डिजिटल प्रत संपणार आहे का? आणि मे महिन्यात असले गेम रिलीज करू नये असा कायदा पाहिजे. दुपारी खोलीत कूलरचा आवाज मोठा की लॅपटॉपच्या पंख्याचा, कळत नाही, आणि तिकडे पात्र हळू आवाजात काहीतरी कबूल करून राहिलं असतं.

(धागा काढणारा: यावर सगळ्यांची सही. पुढे.)

महाल, शिक्षिका

मी मुलीमुळे खेळायला लागले. ती चालवते, मी शेजारी बसून सबटायटल वाचते आणि वाट सुचवते. आमची जोडी बरी जमते, कारण मी चालवायला घेतलं की मला मळमळतं. पात्राच्या डोळ्यांनी फिरायचे गेम असले की हे अनेकांना होतं. ट्रेलरमध्ये त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून मी पहिल्यांदा एकच गोष्ट शोधते, सेटिंगमध्ये दृष्टीचा कोन वाढवता येतो का आणि चालताना डोकं हलणं बंद करता येतं का. गोष्ट कितीही थोर असो, लिंबू चाटत कोण ऐकणार?

आता संग्रहालयाचं. आम्ही दरवर्षी मुलांना अजब बंगल्यात नेतो. १८६३ पासूनचं संग्रहालय, शिलालेख, शस्त्रं, भुसा भरलेले प्राणी, गोंडांच्या वस्तू, काय नाही तिथे? पण नुसतं "बघा" म्हटलं की पोरं वीस मिनिटांत बाहेर येऊन डबे उघडतात. एका वर्षी आत शिरतानाच सांगितलं, इथली एकच वस्तू चोराला न्यायची असेल तर तो कोणती नेईल आणि का, ते मला बाहेर आल्यावर सांगा. त्या दिवशी पोरांना बाहेर काढता काढता आमच्या नाकी नऊ आले. एकजण तर पहारेकऱ्यालाच विचारत होता, तुमची ड्युटी कधी संपते.

म्हणून 'मुक्ती'बद्दल माझी शंका एवढीच आहे. संग्रहालय देखणं असेलच. मला आत शिरताना प्रश्न मिळणार आहे, की काचेवर काच बघत फिरायचं? विषय इतका गंभीर आहे की माहितीफलक वाचायला लावून मोकळं होण्याचा मोह मोठा असणार.

२०२३ चा 'वेन्बा' त्यासाठी बघा. कॅनडात गेलेल्या तमिळ कुटुंबाची गोष्ट, दीड-दोन तासांची. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या यावर कोडं आहे. आधी मला वाटलं, स्वयंपाक मी दिवसभर करतेच की. पण पाककृतीची वही फाटलेली, पुसट झालेली, आणि ती बाई आईचं आठवून आठवून रांधते. पुढचं सांगत नाही, पोहे द्यावे लागतील.

व्हीएनआयटी, होस्टेल

'आउटर वाइल्ड्स'बद्दल सगळे एकच सांगत होते, काही वाचू नको, काही विचारू नको, फक्त खेळ. असं कुणी म्हटलं की माझ्या मनात आधी शंका येते. गेम मोबियस डिजिटलचा, मे २०१९ चा. छोटंसं सूर्यमंडळ, एक लाकडी-पत्र्याचं यान, आणि बावीस मिनिटांनी सूर्य फुटून सगळं पुन्हा पहिल्यापासून. हे सुरुवातीलाच कळतं, तेव्हा फोडलं म्हणू नका.

बंदूक नाही, लेव्हल नाही, नवीन ताकद मिळत नाही. एका फेरीतून दुसरीत जाते ती फक्त तुम्हाला कळलेली गोष्ट. म्हणून तर कुणी सांगत नाही! सांगितलं की तेवढा गेम संपला. मी पहिल्यांदा कंटाळून सोडला होता. सेमिस्टर संपल्यावर पुन्हा लावला तेव्हा रूममेट मागच्या पलंगावर संत्री सोलत बसायचा. त्याचा गेम आधीच खेळून झालेला. मी यान भलत्या दिशेला नेलं की सालं सोलणं थांबायचं, बरोबर दिशेला वळलो की पुन्हा सुरू. तोंडातून शब्द नाही. शेवटी मी स्क्रीन सोडून त्याच्या हाताकडे बघायला लागलो, तर तो चादर पांघरून संत्री खायला लागला.

वाट पाहणाऱ्यांचं म्हणाल तर या गेमसाठी २०१५ मध्ये लोकांकडून वर्गणी काढली होती. पीसीवर आला तो आधी एपिकच्या दुकानात, स्टीमवर यायला जून २०२० उजाडला. वर्गणी देणाऱ्यांना स्टीमचं कबूल केलं होतं, ते भडकले. गेम इतका चांगला निघूनही!

सदर, आता हार्डवेअरचं दुकान

तुम्हा पोट्ट्यांचं वाचून हसू आलं. २००३-०४ ला माझं सायबर कॅफे होतं. बर्डीच्या बाजारातून सीडी यायची, वर मार्करने नाव लिहिलेलं. ते नाव आणि आतला गेम एकच असेल याचीही गॅरंटी नाही. ट्रेलर कोण पाहतो? फोटो उघडेपर्यंत चहा संपायचा. 'आयजीआय', 'व्हाइस सिटी' लावायला रांग. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा 'सँड्स ऑफ टाइम' लावला तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं काय आहे. एक पोरगा खेळायचा, मागे सहा जण उभे, आणि प्रिन्स आपलीच गोष्ट सांगतो आहे हे कळल्यावर ते चूप बसून ऐकायचे. पैसे एकाचेच मिळायचे, ते सोडा.

वाट पाहणं हा प्रकारच आमच्याकडे नव्हता, म्हणून नाराजीही नव्हती. आता गेम यायच्या आधी तीन-चार वर्षं तुम्ही तो मनात खेळून मोकळे होता. 'द डे बिफोर' एके काळी स्टीमच्या विशलिस्टमध्ये पहिल्या नंबरवर होता. ७ डिसेंबर २०२३ ला आला आणि चार दिवसांत स्टुडिओने दुकान बंद करतो म्हणून सांगितलं. पुढच्या महिन्यात सर्व्हरही गेले. एवढ्या लोकांनी यादीत टाकला होता तो काय पाहून?

पुण्यात नोकरी, घर प्रतापनगर

मी दुसऱ्यांच्या गेमसाठी प्रॉप्स बनवतो. खुर्च्या, पेट्या, दिवे. शिक्षिकाताईंच्या शंकेला माझ्या बाजूने थोडं उत्तर देतो.

छोट्या स्टुडिओने संग्रहालय निवडणं ही हुशारी आहे. बंद खोल्या, गर्दी नाही, आभाळ-झाडं-रहदारी नाही. सगळी मेहनत वस्तूंवर लावता येते. लांबून दिसणारी समई मी लवकर उरकतो. तीच हातात घेऊन फिरवता येणार असेल तर तळ करावा लागतो, आतली बाजू, वातीजवळची काजळी, घासून घासून कोणत्या कडेचं पितळ उजळलं ते, पायाला पडलेला पोचा. त्यातला एखादा पोचा गोष्टीतला पुरावा असतो, मग लेखक येऊन तो दोनदा हलवायला लावतो. असा गेम दहा तासांचा असूच शकत नाही. कुणी "एवढाच?" म्हटलं की मला समईच दिसते.

माझी खरी भीती वेगळी आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्सच्या 'राजी'चं किकस्टार्टर, म्हणजे लोकांकडून ऑनलाइन वर्गणी काढणं, २०१७ मध्ये फसलं, तेव्हा वर्गणी द्यायला आपले लोक पुरेसे आले नाहीत. २०२० मध्ये गेम पूर्ण होऊन आला तेव्हा आधी देशाची शान, आणि महिन्याभरात लहान आहे, शेवट तुटक आहे. तक्रारी काही खोट्या नव्हत्या. पण अभिमान म्हणून घेतलेला गेम लोक नीट खेळत नाहीत, त्याचे गुण मोजत बसतात. 'मुक्ती'ही 'आपला' म्हणून विकत घेऊ नका. गोष्ट बघायची असेल तर घ्या.

(धागा काढणारा: भाऊ, मग तुम्ही पहिल्या दिवशी घेणार का?)

पुन्हा प्रतापनगर

घेणार, पण मी पगारी माणूस आहे आणि दुसऱ्यांचे प्रॉप्स बघायचा मला रोग आहे, माझं ऐकू नका.

पुन्हा सक्करदरा

तुम्ही पहिल्या दिवशी घेत असाल तर साध्या लॅपटॉपवर फ्रेम रेट (चित्र किती सुरळीत हलतं ते) किती मिळतो आणि डोकं हलणं बंद करता येतं का, एवढं इथे टाका. ताईंना आणि मला तेच पाहिजे. समईबद्दल एक शब्द नको.