मेलबर्न : घरी बांधलेल्या कॅम्पर ट्रेलरबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गॅरेजमध्ये मी एक छोटा कॅम्पर ट्रेलर बांधतोय. चॅसीचं वेल्डिंग झालंय, वर प्लायची पेटी आणि मागे स्वयंपाकाचा ओटा येईल. मुलांना घेऊन ग्रेट ओशन रोडला जायचं फार मनात आहे.

अडलंय ते वजनावर. एकाच अ‍ॅक्सलच्या ट्रेलरला, गाडीला जोडल्यावर चाकांवर येणारा भार (जीटीएम) ७५० किलोपर्यंत असेल तर ब्रेक लागत नाहीत. त्यापुढे २००० किलोपर्यंत ब्रेक हवेतच. माझा हिशेब भरल्या ट्रेलरचा ७०० च्या आसपास येतो, पण ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो तिथेच, शिवाय गॅस आणि बॅटरी. इतकं काठावर राहणं मला पटत नाही. आत्ताच ब्रेकचा अ‍ॅक्सल घ्यावा का? ओव्हररन ब्रेक (ट्रेलर गाडीला ढकलू लागला की त्या दाबाने आपोआप लागणारा) पुरेल की इलेक्ट्रिकच बरा?

दुसरं, स्वतः बांधलेल्या ट्रेलरची नोंदणी व्हिक्टोरियात कुणी केली आहे का? व्हीएसबी १ (छोट्या ट्रेलरच्या बांधणीचं सरकारी नियमपत्रक) वाचलंय, रुंदी २.५ मीटरच्या आत आहे, सेफ्टी चेन, दिवे, रिफ्लेक्टर धरलेत. पण ट्रेलरचा ओळख क्रमांक आणि केंद्र सरकारची मंजुरी आधी की तपासणी आधी, हा क्रम कळत नाही. अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.