हाताने बांधलेले बुटीक ट्यूब ॲम्प: वादकाला त्यात नेमके काय मिळते?

मंद्रसप्तक यांचा प्रश्न

नमस्कार. मी बरीच वर्षे इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. सध्या माझ्याकडे कारखान्यात मोठ्या संख्येने बनणारा एक साधा ट्यूब ॲम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा ॲम्प्लिफायर) आहे आणि त्याविषयी माझी विशेष तक्रार नाही. मात्र छोट्या कार्यशाळांत हाताने बांधल्या जाणाऱ्या बुटीक ॲम्पविषयी जितके वाचतो, तितका गोंधळ वाढतो. मॅचलेस, टू-रॉक, डॉक्टर झी, कार यांसारख्या निर्मात्यांच्या अनेक ॲम्पचे मूळ शोधत गेले की ते फेंडर, व्हॉक्स किंवा मार्शल यांच्या १९५० आणि १९६० च्या दशकांतील सर्किटांपाशी पोहोचते, आणि त्या सर्किटांचे आराखडे आज कोणालाही पाहता येतात. ट्यूबही सगळ्यांकडे त्याच मोजक्या कारखान्यांतून येतात. असे असताना किमतीत कित्येक पटींचा फरक पडावा आणि तरीही वादकांनी त्यासाठी महिनोन्महिने थांबावे, याचे कारण काय असावे? 'उबदार', 'त्रिमितीय', 'जिवंत' अशा विशेषणांनी माझे समाधान होत नाही. ध्वनिमुद्रणे ऐकून तर मला फरक क्वचितच ओळखता येतो. ज्यांनी असे ॲम्प भरपूर वाजवले आहेत किंवा उघडून पाहिले आहेत, त्यांनी कृपया कारणांसह लिहावे.

गरम फिलामेंट यांचे उत्तर

ध्वनिमुद्रणात फरक कळत नाही, हे आपले निरीक्षण अगदी योग्य आहे आणि उत्तराची सुरुवातही तिथेच होते. श्रोत्यापर्यंत पोहोचतो तो वादकाने ॲम्पशी जुळवून घेतल्यानंतरचा आवाज. जुळवून घेताना वादकाला किती झगडावे लागले, ते श्रोत्याला ऐकू येत नाही. चांगल्या बुटीक ॲम्पमध्ये वादकाला भुरळ घालतो तो मुख्यतः हाताला मिळणारा प्रतिसाद, आणि या प्रतिसादामागे अगदी मोजता येण्याजोग्या गोष्टी असतात.

पहिली गोष्ट पॉवर सप्लायची, म्हणजे सर्किटला वीज पुरवणाऱ्या भागाची. जोरात कॉर्ड वाजवली की आउटपुट ट्यूब एकदम जास्त प्रवाह ओढतात, त्यामुळे सप्लायचे व्होल्टेज क्षणभर खाली बसते आणि सूर विरत जाताना ते पुन्हा वर येते. वादक ज्याला सॅग म्हणतात ते हेच. रेक्टिफायर, म्हणजे एसी विजेची डीसी करणारी, ट्यूब ५वाय३ प्रकारची असेल तर ही घसरण बरीच असते, जीझेड३४ असेल तर कमी असते, आणि ट्यूबऐवजी डायोड वापरले असतील तर त्याहूनही कमी. बोटांना हे असे जाणवते की तारेवरचा पहिला आघात किंचित दबतो आणि त्यामागून सूर फुलत येतो. ही घसरण प्रमाणाबाहेर गेली तर खर्जातील सूर लिबलिबीत होतात, आणि अजिबात नसेल तर ॲम्प हाताला कडक लागतो. फिल्टर कपॅसिटर (सप्लायची वीज साठवून सपाट करणारे घटक) किती मोठे घ्यायचे आणि ट्रान्सफॉर्मर किती प्रवाहासाठी गुंडाळायचा, हे ठरवणारा माणूस प्रत्यक्षात आपल्या बोटांखालचा ताणच ठरवत असतो.

दुसरी गोष्ट कमी चर्चेची आहे, पण माझ्या मते तिचे महत्त्व अधिक आहे. आघात मोठा असला की ट्यूबची ग्रिड (सिग्नल जिथे येतो ती जाळी) कॅथोडपेक्षा (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागापेक्षा) पॉझिटिव्ह होते, तिच्यातून प्रवाह वाहू लागतो आणि तिच्या आधीचा, दोन टप्प्यांना जोडणारा कपलिंग कपॅसिटर चार्ज होतो. तो रिकामा होईपर्यंत त्या ट्यूबचा बायस, म्हणजे ग्रिडचे स्थिर व्होल्टेज, सरकलेला राहतो. कपॅसिटरचे मूल्य आणि ग्रिडचे रेझिस्टर यांचा मेळ बसला नाही, तर प्रत्येक जोरकस आघातानंतर आवाज क्षणभर गुदमरतो आणि फाटका येतो. मेळ बसला असेल, तर तोच आघात ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे कडाडत्या आवाजात, सहज शिरतो आणि तितक्याच सहज बाहेर येतो. आराखड्यावर हा फरक एखाद्या घटकाच्या एका आकड्याइतकाच दिसतो.

ॲम्प-निर्माते केन फिशर यांचा ट्रेनरेक एक्स्प्रेस हा ॲम्प याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. त्यात रिव्हर्ब (घुमारा) नाही, दुसरा चॅनेल नाही, मास्टर व्हॉल्यूमही नाही. जवळजवळ सगळे काम व्हॉल्यूम, टोनचे तीन नॉब आणि प्रेझेन्स (वरच्या पट्टीची धार ठरवणारा नॉब) यांवर चालते. ॲम्प वर चढवून ठेवायचा आणि स्वच्छ आवाजापासून कडाडणाऱ्या आवाजापर्यंतचा सारा प्रवास गिटारच्या व्हॉल्यूम नॉबने व पिकच्या जोराने करायचा, अशी त्याची रचना आहे. फिशर यांनी आपल्या ॲम्पना अनुक्रमांकांऐवजी नावे दिली, बहुतेक स्त्रियांची. त्या प्रथेभोवती पुढे बरीच भाबडी भक्ती जमा झाली हे खरे, पण प्रत्येक ॲम्प स्वतंत्रपणे ऐकून जुळवण्याची त्यांची पद्धत मात्र प्रत्यक्षातली होती.

उघडा चेसिस यांचे उत्तर

मी ॲम्पची दुरुस्ती करतो, त्यामुळे माझे मत आतल्या बाजूने तयार झाले आहे. वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, फक्त 'हाताने बांधलेले' या गोष्टीला फार मान देऊ नये असे मला वाटते. टरेट बोर्डवर (धातूच्या खुंट्या बसवलेल्या पाटीवर) डौलाने मांडलेले घटक छायाचित्रात सुंदर दिसतात, परंतु इलेक्ट्रॉनला सौंदर्यदृष्टी नसते. नीट आखलेल्या छापील सर्किट बोर्डवरचा ॲम्प उत्तम वाजू शकतो, आणि निष्काळजीपणे हाताने जोडलेला ॲम्प दिवसभर घुमत राहू शकतो. जुन्या कार्बन कंपोझिशन रेझिस्टरचे कौतुक करणाऱ्यांनी त्यांचा हिस्स (सततची सळसळ) एकदा शांत खोलीत ऐकावा.

तरीही फरक पडतो, आणि तो तीन-चार ठिकाणी पडतो. सर्वांत मोठा वाटा आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा. ट्यूबच्या बाजूचा काही हजार ओहमचा इम्पीडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा विरोध) तो स्पीकरच्या ८ किंवा १६ ओहमपर्यंत उतरवतो, आणि त्याचे लोखंड व गुंडाळी यांवर खर्जाचा भरीवपणा आणि वरच्या पट्टीची धार दोन्ही अवलंबून असतात. हा भाग महाग आणि जड असतो, त्यामुळे खर्च कापायचा झाला की कात्री बहुधा इथेच लागते. दुसरा वाटा तारांच्या मांडणीचा. ट्यूब तापवणाऱ्या फिलामेंटच्या तारा पिळून कोपऱ्यातून नेल्या आहेत का, ग्राउंडची जोडणी कोणत्या क्रमाने केली आहे, इनपुटची तार ट्यूबच्या प्लेटच्या, म्हणजे आउटपुट बाजूच्या, तारेजवळून जाते का, यांतले आराखड्यावर काहीही दिसत नाही. पण जास्त गेन, म्हणजे सिग्नलची जास्त वाढ, असलेल्या ॲम्पमध्ये एखादी तार बोटभर सरकवली तरी शिट्टी सुरू होते किंवा थांबते.

प्रश्नकर्त्यांनी 'सर्किट तेच' असे म्हटले आहे, म्हणून एक जुना दाखला देतो. १९६२ च्या सुमाराचा मार्शलचा जेटीएम४५ हा फेंडरच्या ५एफ६-ए बासमनवरूनच घेतलेला होता. रेषांचा आराखडा जवळपास तोच. परंतु पहिल्या जागी १२एवाय७ ट्यूबऐवजी जास्त गेनची ईसीसी८३ आली, ट्रान्सफॉर्मर बदलला, नकारात्मक फीडबॅकचे (आउटपुटचा काही भाग उलटा परत देण्याचे) प्रमाण बदलले, आणि मागून उघड्या कॅबिनेटमधल्या १० इंची चार जेन्सन स्पीकरऐवजी बंद कॅबिनेटमधले १२ इंची चार सेलेस्टियन स्पीकर आले. पुढे रॉक संगीताने त्यातून काय घडवले ते आपण जाणतोच.

आता दुरुस्तीविषयी. स्वस्त ॲम्पमध्ये ट्यूबचे सॉकेट आणि पोटेन्शिओमीटर बहुधा थेट सर्किट बोर्डवर सोल्डर केलेले असतात. ट्यूब काढता-घालताना आणि तापून-निवताना होणारा सगळा ताण त्या जोडांवर येतो. चार ईएल८४ आउटपुट ट्यूब असलेल्या, व्हॉक्सच्या एसी३० च्या वंशातल्या ॲम्पमध्ये तर ही उष्णता फारच असते. काही वर्षांनी जोड तडकतात आणि एक रेझिस्टर बदलायला संपूर्ण बोर्ड बाहेर काढावा लागतो. बऱ्याच बुटीक ॲम्पमध्ये सॉकेट आणि नॉब चेसिसवर पक्के असतात व घटक वरूनच बदलता येतात. पुढच्या पिढीतला कोणताही जाणकार तो ॲम्प दुरुस्त करू शकेल, ही खात्री मला तरी किमतीचे सर्वांत पटणारे समर्थन वाटते. (अपवाद अर्थातच आहेत. बुटीक ॲम्प बनवणारे अलेक्झांडर डंबल यांनी आपल्या कित्येक ॲम्पच्या सर्किटवर इपॉक्सी राळेचा लेप ओतून ठेवला, कारण त्यांना नक्कल नको होती. वादकाच्या हाताप्रमाणे ॲम्प जुळवून देण्यात त्यांचा हातखंडा होता, पण लेपाखालचा घटक बदलायची वेळ आली की दुरुस्ती करणारा त्यांना आशीर्वाद देत नाही.)

शंकेखोर यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे माहितीपूर्ण आहेत, पण काही गोष्टी नोंदवल्याशिवाय चित्र एकांगी राहील.

बासमन, फेंडरचा ट्वीड डिलक्स, एसी३० हे ज्या ॲम्पचे आदर्श मानले जातात, ते आपल्या काळात कारखान्यांतून बाहेर पडलेले व्यावसायिक उत्पादनच होते. त्यांतल्या घटकांच्या मूल्यांत बराच फरक चालवून घेतला जाई, म्हणून एकाच वर्षाचे दोन ॲम्पही कधी कधी वेगळे वाजतात. म्हणजे उत्तम आवाजासाठी एकट्या कारागिराचा हात अनिवार्य आहे, असे इतिहास सांगत नाही. कारागीर देतो ते सातत्य आणि निवड. त्यासाठी किती मोजायचे हे ज्याने त्याने ठरवावे.

दुसरे असे की, बहुतेक तुलना अन्यायकारक असतात. आवाज जरा मोठा असला की तो कानाला अधिक चांगलाच वाटतो, आणि दोन ॲम्पचे नॉब सारख्या आकड्यावर ठेवल्याने त्यांचा आवाज सारखा मोठा होत नाही. त्यात स्पीकर वेगळे असतील तर तुलनेला काहीच अर्थ उरत नाही. व्हॉक्सशी नाते सांगणारा सेलेस्टियनचा १५ वॅटचा अल्निको ब्लू आणि मार्शलशी नाते सांगणारा २५ वॅटचा ग्रीनबॅक एकाच ॲम्पला आळीपाळीने जोडून पाहा. त्यांच्यातला फरक पुष्कळदा दोन ॲम्पमधल्या फरकाहून मोठा निघतो. ज्यांना आपला ॲम्प रटाळ वाटतो, त्यांनी आधी स्पीकर बदलून पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरे, 'ट्यूबमुळे सम हार्मोनिक मिळतात म्हणून आवाज गोड' (सम हार्मोनिक म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, चौपट कंपनांचे सूर) हे वाक्य जाहिरातीतून उचलून सर्वत्र फिरते. मोठ्या ॲम्पची आउटपुट स्टेज बहुधा पुश-पुल, म्हणजे विरुद्ध दिशेने काम करणाऱ्या ट्यूबच्या जोडीची, असते आणि त्या रचनेत आउटपुट ट्यूबमधून निर्माण होणारे सम हार्मोनिक बऱ्याच अंशी एकमेकांना रद्द करतात. सम हार्मोनिक मुख्यतः प्रीॲम्पमधून (आउटपुट स्टेजआधीच्या भागातून) किंवा एकाच आउटपुट ट्यूबवर चालणाऱ्या छोट्या ॲम्पमधून येतात. विक्रेत्याने हे वाक्य सरसकट वापरले, तर त्याच्या इतर दाव्यांकडेही जरा सावधपणे पाहावे.

आणि डिजिटल साधने आता इतकी पुढे गेली आहेत की मुद्रित गाण्यात खरा ॲम्प कोणता हे सांगण्याची पैज मी तरी घेणार नाही.

मंद्रसप्तक

आपणा सर्वांचे आभार. उघडा चेसिस यांनी दिलेला मार्शलचा दाखला माझ्या मूळ शंकेचे बरेचसे उत्तर देतो. एक व्यावहारिक प्रश्न उरतो. मी बहुतेक वेळ घरात, हलक्या आवाजात वाजवतो. सॅग, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, ग्रिडची वागणूक हे सारे ॲम्प चढवल्यावरच जाणवत असेल, तर मला त्यातले कितपत मिळेल? कमी वॅटचा ॲम्प घेतला तर भागेल का?

गरम फिलामेंट

वॅटच्या आकड्यावर विसंबू नये. १०० वॅटऐवजी ५० वॅट घेतले तर फरक केवळ ३ डेसिबलचा पडतो. आवाज कानाला निम्मा वाटण्यासाठी वॅट सुमारे दहा पटींनी कमी व्हावे लागतात. त्यामुळे ५ वॅटचा ॲम्पही पूर्ण चढवला की घरात सहन होत नाही. अटेन्युएटर (ॲम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये शक्ती जिरवणारे साधन) जोडून आउटपुट ट्यूब चढवता येतात आणि आवाज उतरवता येतो. त्यात स्पीकरसारखा बदलता इम्पीडन्स दाखवणारा रिॲक्टिव्ह प्रकार घेतला तर हाताचा प्रतिसाद बराच टिकतो. मात्र हलक्या आवाजात आपला कान खर्ज कमी ऐकतो, हे ध्वनिसंशोधक फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले आहे, आणि कमी हलणारा स्पीकर आघात दाबण्याचे आपल्या वाट्याचे काम करत नाही. म्हणजे सगळे मिळणार नाही. प्रीॲम्पच्या स्टेजमधली जुळवणी, हम (विजेचा घुमणारा आवाज) नसणे आणि गिटारचा नॉब उतरवल्यावरही वरच्या पट्टीतली स्पष्टता टिकणे, इतके मात्र हलक्या आवाजातही जाणवते.

उघडा चेसिस

प्रत्यक्ष पाहायला जाल तेव्हा स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल न्यावी, आणि दोन्ही ॲम्प एकाच कॅबिनेटला आळीपाळीने जोडून, कानाला सारखे मोठे वाटतील असे ठेवून ऐकावेत. पेडल काही लावू नये. ॲम्प कडाडण्याच्या उंबरठ्यावर ठेवून गिटारचा व्हॉल्यूम निम्म्याखाली आणावा, एकच कॉर्ड हलक्या हाताने आणि मग जोराने वाजवावी, आणि ती पूर्ण विरेपर्यंत थांबावे. विरतानाचा शेवटचा भाग खरखरत तुटतो की सलग जातो, त्याकडे विशेष लक्ष द्यावे. नंतर आतले छायाचित्र मागावे आणि सॉकेट कशावर बसवले आहेत ते पाहावे. कॅबिनेटची केबल काढण्याआधी ॲम्प बंद करावा, कारण स्पीकर न जोडता चालू राहिलेल्या ट्यूब ॲम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.