मधमाशीच्या मेंदूत वास आणि साखरेची गाठ पडते कुठं?

रानभैरी: परसात सातेरीच्या (आपली देशी मधमाशी) दोन पेट्या आहेत. माश्यांना फुलाचा वास एकदा पटला की दुसऱ्या दिवशी बरोबर तिथंच हजर. एवढ्याशा मेंदूत हे बसतं कसं? ऑक्टोपामाइन रिसेप्टर असं काहीतरी वाचलं पण डोक्यावरून गेलं, कुणी सोप्या भाषेत सांगेल का?

कीटकवेडा: मेंदू जेमतेम एक घन मिलिमीटर, न्यूरॉन (चेतापेशी) साडेनऊ लाखांच्या आसपास. लॅबमधे माशीला नळीत अडकवतात, वास देतात आणि लगेच मिशांना साखरपाणी लावतात, मग ती सोंड बाहेर काढते. दोन-तीनदा केलं की नुसत्या वासानंही सोंड बाहेर. आता खरी गंमत, 1993 साली बर्लिनच्या मार्टिन हॅमरनं साखर दिलीच नाही, वासानंतर फक्त एक न्यूरॉन करंट देऊन चेतवला आणि माशी तो वास शिकली! एकच न्यूरॉन!! त्याच्यातून ऑक्टोपामाइन (पेशींमधे निरोप पोचवणारं रसायन) सुटतं असं मानतात. 1998 मधे तर वासाबरोबर थेट ऑक्टोपामाइनच मेंदूत टोचलं, तरी शिकली. आणि 2003 मधे आरएनएआय (एखादं जनुक गप्प करायची पद्धत) वापरून त्याचा रिसेप्टर (पेशीवरचा, ते रसायन पकडणारा रेणू) कमी केला तर साखर देऊनही शिकणं ढेपाळलं. म्हणजे साखर नुसती गोड लागून उपयोग नाही, तो निरोप घेणारा रिसेप्टर जागेवर पाहिजे.

रानभैरी: भारीच की. मग त्रास झाला तर तेही असंच लक्षात राहतं?

सुमन_ताई: हो, पण त्याला डोपामाइन हे दुसरं निरोप्या रसायन लागतं. वासाबरोबर शॉक दिला की माशी नांगी काढते आणि पुढे नुसत्या वासालाही काढते, डोपामाइनचे रिसेप्टर अडवले तर हे शिकणं बंद. राणीबाई तर याहून बेरकी, तिच्या गंधात डोपामाइनसारखाच दिसणारा एक घटक आहे त्यामुळे तिच्याभोवतीच्या तरुण कामकरी माश्या शिक्षा शिकतच नाहीत, साखरेचं मात्र नीट शिकतात (2007 चं काम आहे). का, तर तिच्या जवळ राहून सेवा करत राहाव्यात म्हणून असावं असा अंदाज.

कीटकवेडा: @रानभैरी एक राहिलं, हे सगळे प्रयोग मेलिफेरावरचे (युरोपियन मधमाशी) आहेत, सातेरीवरचे नाहीत. आणि शेजारी कोणी इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मारतं का बघा, ते ॲसिटिलकोलिन या आणखी एका निरोप्या रसायनाच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि वासाची माहिती आठवणीच्या भागात पोचते ती त्याच रिसेप्टरमार्फत. पेशी आधी नको तेवढ्या चेततात मग ढिम्म. युरोपात 2018 पासून उघड्या शेतात बंदी आहे त्याच्यावर.

रानभैरी: मारतात ना, कपाशीवर. फुलोऱ्यात तरी मारू नका म्हणून सांगून बघतो.